पुदिन्याच्या तीन खेपा

बरणी उघडली तेव्हा आधी वास आला, मग जाळी दिसली. पांढरी, कापसासारखी, काचेच्या तळाशी पानांना चिकटलेली. 2022 सालची नारळी पौर्णिमा जवळ आली होती. जुलैत मोठ्या कौतुकानं वाळवून ठेवलेला घरचा पुदिना केरात गेला आणि सासूबाई म्हणाल्या, "ऊन दाखवल्याशिवाय वाळवण टिकत नसतं." पुढच्या वर्षी ऊन दाखवलं. पुदिना टिकला, पण पुदिना राहिला नाही. त्याची आणि त्यापुढच्या खेपेची ही हकीकत. वजनं लिहून ठेवायची सवय लागली म्हणून ती सांगता येते आहे.

घर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. पूर्वेची गॅलरी आणि सोसायटीची सामायिक गच्ची. गॅलरीत दोन थर्माकोलच्या खोक्यांत पुदिना, अर्ध्या ड्रममध्ये कढीपत्ता, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये थंडीत मेथी आणि कोथिंबीर, गळक्या बादलीत गवती चहा, कोपऱ्यात ओव्याच्या पानांची कुंडी. पुदिना मंडईतल्या जुडीतलाच. पानं खुडून उरलेल्या काड्या ग्लासभर पाण्यात ठेवल्या, आठवड्यात मुळं फुटली. एकदा लागला की तो आवरत नाही. चटणी किती करणार? म्हणून वाळवायचं ठरलं.

पहिली खेप, जुलै

काड्यांवरून खुडलेली पानं 200 ग्रॅम भरली. तीन पाण्यांतून धुतली, पंचात गुंडाळून पिळली आणि हॉलमध्ये वर्तमानपत्रावर पंख्याखाली पसरली. (वर्तमानपत्र ही वेगळी चूक. त्याची शाई खाण्याच्या पदार्थाला लागू नये, असं अन्नसुरक्षेची सरकारी संस्था एफएसएसएआय सांगते. आता जुनं सुती पातळ वापरते.) सहा दिवसांनी पानांच्या कडा बोटांत मोडू लागल्या. झालं, असं समजून बरणीत भरली. केकसाठी आणलेल्या डिजिटल काट्यावर सहज वजन केलं आणि कालनिर्णयाच्या चौकोनात लिहिलं: 44.

तो 44चा आकडा तेव्हा काही बोलला नाही. बुरशी आल्यावर बोलला. ताज्या पुदिन्याच्या पानात साधारण 85 टक्के पाणी असतं. म्हणजे 200 ग्रॅम पानांतला कोरडा माल फक्त 30 ग्रॅम. बरणीत 44 ग्रॅम गेलं, म्हणजे 14 ग्रॅम पाणीही सोबत गेलं. जवळजवळ तिसरा हिस्सा. नीट वाळलेल्या पानात ते दहाव्या हिश्श्याच्या आसपास हवं. म्हणजे काटा 33च्या आगेमागे थांबायला हवा होता.

मग कडा कशा मोडत होत्या? पान सगळीकडून सारखं वाळत नाही. पातळ पातं आधी कुरकुरीत होतं, मधली शीर आणि देठ ओले राहतात. मी बोट लावलं ते पात्याला. बरणी बंद झाल्यावर देठातलं पाणी पात्यात परत आलं आणि सगळी पानं सारखी मऊ झाली. आता मी पान नाही, देठ मोडून बघते. वाकला तर नाही. कट्ट असा आवाज आला तर हो. शिवाय बरणी भरल्यावर दुसऱ्या दिवशी काचेला आतून धूसरपणा आला आहे का ते बघते. आला असेल तर सगळा माल पुन्हा बाहेर.

पण देठ तपासला असता तरी जुलैत जमलं असतं का? नसतं. वाळणारं पान हवेला पाणी देतं, ते हवेला हवं असेल तोवरच. पुण्याच्या आषाढात हवा आधीच भिजलेली असते. एका टप्प्यानंतर पान आणि हवा यांचा समतोल होतो आणि वाळणं थांबतं. मग सहा दिवस ठेवा नाहीतर सोळा. बुरशीला रोखायचं तर पान ज्या हवेशी समतोल साधतं तिची आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली असावी लागते. पावसाळ्यात पंखा कितीही जोरात फिरवा, तो तीच ओली हवा फिरवतो.

दुसरी खेप, एप्रिल

2023च्या एप्रिलात सासूबाई इथेच होत्या. त्यांचं माहेर-सासर दोन्ही परभणी जिल्ह्यातलं. माळवदावर कुरडया, पापड, सांडगे घालून आयुष्य गेलेलं. त्यांच्या देखरेखीखाली पुन्हा 200 ग्रॅम पानं गच्चीवर गेली. स्टीलच्या परातीत, भर बारा वाजता. दोनला पानं हलवायला गेले तर परातीच्या काठाचा चटका बसला. संध्याकाळी देठ कट्कन मोडत होते. काटा म्हणाला 32.

वाळवण म्हणून पैकीच्या पैकी. बुरशी आली नाही, येणारही नव्हती. पण रंग तपकिरी-काळा, जुन्या चहापत्तीसारखा, आणि वास गवताच्या पेंढीचा. मसाला ताकात चमचाभर चुरून टाकला. नवरा म्हणाला, "यात काय घातलंयस?" मी म्हटलं, पुदिना. तो गप्प बसला, ते बरं केलं.

सासूबाईंना हे पटेना. "अगं, हरभऱ्याची भाजी आम्ही उन्हातच वाळवतो. वर्षभर टिकते. चव जशीच्या तशी." खोटं नव्हतं ते. त्यांच्या पिशवीतून दर वर्षी येणारी वाळलेली हरभऱ्याची भाजी, लसणाची फोडणी आणि शेंगदाणे घालून पातळ केलेली, ज्वारीच्या भाकरीबरोबर मी किती वेळा खाल्ली आहे. पावसाळ्यातही ती तशीच आंबट लागते. एकच गच्ची, एकच ऊन. एक पान तगतं, दुसरं का मरतं?

तेव्हा मी त्यांना विचारलं की गावाकडे कोणकोणत्या भाज्या वाळवायच्या. हरभरा, अंबाडी, मेथी, त्यांनी बोटं मोजली. पुदिना? "पुदिना कुठं होता गावात." कोथिंबीर? त्या हसल्या. "कोथिंबीर कोण वाळवतं?"

मला वाटतं, या प्रकरणाचं उत्तर त्या हसण्यात होतं. हरभऱ्याच्या पानाची मजा आंबटपणात आहे. त्या पानांवरच्या बारीक लवेतून आम्ल पाझरतं, मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक. पहाटे हरभऱ्यातून चाललं की पोटऱ्यांना चुरचुरतं ते त्यामुळेच. म्हणून तर ही भाजी धूत नाहीत. आंब निघून जाते. ही आम्लं हवेत उडत नाहीत. पाणी गेलं तरी जागच्या जागी राहतात, उलट कमी जागेत जास्त भरतात. अंबाडीचा आंबटपणा तसाच, मेथीचा कडवटपणा तसाच. या सगळ्या जिभेच्या भाज्या आहेत.

पुदिना नाकाचा. त्याचा जीव कार्व्होन नावाच्या तेलकट द्रव्यात असतो आणि ते उडणारं आहे. उकळायला त्याला 200 अंशांच्या वर तापमान लागतं हे खरं, पण उडायला उकळावं लागतंच असं नाही. देवघरातला कापूर कधी उकळतो? डबी उघडी राहिली तर तरी संपतो. परात तापली, पानाचं पाणी भराभर निघालं, त्याबरोबर वासही निघाला. ज्यांनी पिढ्यानपिढ्या वाळवणं घातली त्यांनी नाकाच्या भाज्या त्या यादीत घेतल्याच नव्हत्या. यादी त्यांची बरोबर होती. मी तिच्यात नको ते पान घुसवलं होतं.

रंगाचं गणित वेगळं. पानाच्या हिरव्या द्रव्यात मधोमध मॅग्नेशियम बसलेलं असतं. उष्णता आणि पानाचंच आम्ल मिळून ते बाहेर काढतात की हिरवा रंग शेवाळी तपकिरी होतो. आणि जिथे पान चिरडलं गेलं असेल तिथे ते कापलेल्या वांग्यासारखं काळं पडतं. पुदिना याबाबतीत फारच नाजूक. पंचात घालून पिळणं दोन्ही खेपांत माझंच होतं. भिंग घेऊन पुदिन्याच्या पानाची मागची बाजू पाहिली तर बारीक चकाकते ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या, पानाच्या अंगावर, वरच्यावर. पिळताना मी त्याच फोडत होते. घरभर सुटलेल्या सुगंधाचं तेव्हा कौतुक वाटलं होतं. तो बरणीतून वजा होत होता.

तिसरी खेप, फेब्रुवारी

सासूबाईंच्या गोष्टीत एक तपशील मी आधी ऐकून सोडून दिला होता: हरभऱ्याचे शेंडे खुडतात पौष-माघात. म्हणजे त्यांची भाजी वैशाखाच्या उन्हात वाळतच नव्हती. कोवळं ऊन आणि मराठवाड्याची थंडीतली कोरडी हवा. श्रेय उन्हाला मिळत होतं, काम हवा करत होती. पुण्यातही फेब्रुवारीच्या दुपारी आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली उतरते. मग ऊन हवंच कशाला?

2024च्या फेब्रुवारीत असं केलं. आदल्या संध्याकाळी पुदिन्यावर झारीनं पाणी मारून पानं झाडावरच धुतली, रात्रभर निथळू दिली. सकाळी दव वाळल्यावर, ऊन चढायच्या आत खुडली. फुलोरा धरायच्या आतलीच, कारण फुलावर आला की पानाचा वास उतरतो. पिवळी, किडकी बाजूला. पुन्हा धुणं नाही, पिळणं तर नाहीच. पिठाच्या दोन मोठ्या चाळण्यांवर पातळ मलमल अंथरून पानं एकेरी पसरली. चाळण अशासाठी की खालूनही हवा लागते. परातीत खालची बाजू घामेजलेली राहते. चाळण्या मागच्या खोलीत दोन स्टुलांवर, पडदा ओढलेला, पंखा दोनवर. रोज सकाळी एकदा हलक्या हातानं उलटायची.

पहिल्या दिवशी पानं मरगळली. दुसऱ्या दिवशी वजन 90. तिसऱ्या दिवशी 48, आणि पात्यं मोडायला लागली. जुलैत मी इथेच फसले होते. चौथ्या दिवशी 36. पाचव्या दिवशी सकाळी 33 आणि संध्याकाळीही 33. काटा दोनदा तेच सांगू लागला की थांबायचं, याहून सोपी परीक्षा मला अजून सापडलेली नाही.

रंग गडद हिरवा, ताज्याइतका नाही पण हिरवाच. पानं अख्खीच बरणीत भरली. चुरा करून ठेवला तर उरल्यासुरल्या तेलाच्या पिशव्याही फुटतात. बरणी कोरडी, आणि पानं खोलीइतकी थंड झाल्यावरच झाकण. अर्धा माल मुद्दाम गॅसशेजारच्या मांडणीवर ठेवला, अर्धा कपाटात. जूनमध्ये दोन्ही शेजारी ठेवल्या तर गॅसजवळची फिकट, पिवळट झालेली. वास होता, पण शोधावा लागत होता. पारदर्शक बरण्या ओट्यावर मांडण्याची फॅशन दिसायला छान असते एवढंच म्हणेन.

भाच्यानं मायक्रोवेव्ह सुचवला होता. मूठभर पानं, अर्ध्या अर्ध्या मिनिटानं बघत बघत, होतात. आमचा ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, मात्र सगळ्यात कमी ठेवला तरी 100 अंशांवर जातो, आणि पुदिन्याला 40च्या आसपास पुरे असतं. ते परातीचंच विजेवरचं रूप झालं असतं.

बाकीची पानं

त्याच महिन्यात बाकीच्या कुंड्यांवरही हात फिरवला.

कढीपत्ता सगळ्यात समजूतदार निघाला. त्याचं पान उजेडाकडे धरून पाहा. सुईनं टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. लिंबाच्या पानातही दिसतात, दोघं एकाच कुळातले. ते तेलाचे कप्पे पानाच्या आत आहेत, पुदिन्यासारखे अंगावर नाहीत. म्हणून अख्खं पान वाळलं तरी बराचसा वास आत राहतो. पाणीही मुळात कमी, 64 टक्क्यांच्या आसपास. 100 ग्रॅमचे 40 ग्रॅम होतात. काडीसकट टांगला, तीन दिवसांत खुळखुळला. तरी ताज्याची सर नाही, हेही सांगून टाकते. दारात झाड असताना वाळवायची गरज एवढीच की थंडीत ते थिजतं, नवी पालवी धरत नाही. ती वाळवायची तर पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमारास खुडावी.

मेथीनं आश्चर्याचा धक्का दिला. ओली असताना जिला फारसा वास नव्हता तिला वाळल्यावर आला. पण बाजारातल्या कसुरी मेथीसारखा नाही. ती जातच निराळी, लहान पानाची. नाव पाकिस्तानातल्या पंजाबातल्या कसूरचं, आपल्याकडचं तिचं मोठं पीक राजस्थानात नागौरला. डब्यातले मेथीदाणे पेरून कसुरी मेथी होत नाही. होते ती वाळलेली मेथी, आणि तीही थालीपिठात, पिठल्यात झकास लागते.

गवती चहा कात्रीनं बोटभर कापून वाळवला. लांब पात तशीच ठेवली तर आतून ओली राहते. काहीच तक्रार नाही. ओव्याचं पान वाळवू नये. गुबगुबीत पान, आठवडाभर चाळणीवर पडून शेवटी सडलं. त्याची भजीच बरी.

आणि कोथिंबीर. सासूबाई हसल्या होत्या तरी केली. चौथ्या दिवशी हिरवीगार, देखणी, आणि वास शून्य. धन्याचा वास वेगळ्या द्रव्याचा, तो वर्षभर टिकतो. पानाचा वास उडून जाणाऱ्या अल्डिहाइडांचा, तो वाळण्याआधीच जातो. जास्तीची कोथिंबीर वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावी किंवा सरळ वड्या कराव्यात.

स्वयंपाकात

वजनानं पाहिलं तर एक ग्रॅम वाळलेला पुदिना म्हणजे सहा ग्रॅम ताजा. पण स्वयंपाकघरात कोणी ग्रॅम मोजत नाही. ताज्या चिरलेल्या पानांचा एक मोठा चमचा असेल तिथे वाळलेल्याचा एक छोटा पुरतो. तो तळव्यावर घेऊन दुसऱ्या अंगठ्यानं चुरायचा, आणि चुरायचा तो पदार्थावरच. ताकात घातला तर दहा मिनिटं थांबावं. वास तेलकट असल्यामुळे साईच्या दह्यात तो जास्त खुलतो, पातळ ताकात थोडा लाजतो.

वाळलेला कढीपत्ता तापलेल्या फोडणीत टाकला की डोळ्याची पापणी लवायच्या आत कोळसा होतो. ताज्या पानाला स्वतःचं पाणी वाचवतं, याच्याकडे ते नाही. गॅस बंद करून, तेल किंचित निवलं की टाकावा. किंवा सरळ सुक्या खोबऱ्याबरोबर कुटून चटणी करावी, तिथे तो ताज्यापेक्षा सोयीचा. मेथी तव्यावर हलकी शेकून, चुरून, शेवटी.

घरची पानं तेलात बुडवून ठेवायची टूम हल्ली फार दिसते. ओली पानं तेलात घालून ओट्यावर ठेवू नयेत. तेलाखाली हवा नसते आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू नेमका हवा नसलेल्या, ओल्या जागी वाढतो. वास येत नाही, जाळी दिसत नाही, कळतच नाही. त्यापेक्षा माझी जुलैची बुरशी प्रामाणिक होती.

2025च्या जानेवारीत सासूबाई आल्या त्या हरभऱ्याचे शेंडे घेऊनच. गॅलरीत सुती पातळावर पसरले, सकाळचं कोवळं ऊन. माझं चाळणीचं प्रवचन त्यांनी ऐकून घेतलं आणि पातळच ठेवलं. चौथ्या दिवशी मूठभर भाजी कानाशी नेऊन दाबली, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "झाली."

मी म्हटलं, "आई, काट्यावर ठेवू या?"

"ठेव की."

500 ग्रॅम ओली होती. हरभऱ्याच्या पानात पाणी 73 टक्के धरून मी मनात हिशोब केला, 150च्या खाली हवी. काट्यावर 147 आलं. त्यांनी आकड्याकडे पाहिलंही नाही, डब्याचं झाकण शोधत होत्या.